खिडकी बदलताना

सोलापुरातील जुन्या पेठांमध्ये आजही सागवानी चौकटीच्या खिडक्या पाहावयास मिळतात. त्यांपैकी काही वाळवीने पोखरल्या आहेत, काहींची झडपे पावसाळ्यात फुगून बसतात. अशा घरांत नूतनीकरणाचा विषय निघाला की अलीकडे यूपीव्हीसी खिडक्यांचे नाव प्रथम येते. या खिडक्यांना वाळवी लागत नाही, त्या गंजत नाहीत आणि रंगकामाचा वारंवार खर्चही मागत नाहीत. तथापि पेढीवर माल पारखून घेणाऱ्या कुटुंबाने घरासाठीही तीच पारख वापरावी.

प्रथम सूर्याचा विचार हवा. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत सोलापुरात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेस असतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेची खिडकी फारशी तापत नाही. खरा ताप छपराचा आणि पश्चिमेच्या भिंतीचा. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. ज्या वेळी ताटे वाढली जातात, नेमक्या त्याच वेळी तिरपी किरणे पश्चिमेच्या खिडकीतून थेट आत येतात. छज्जा ती अडवू शकत नाही. काळसर काच लावली तर स्वयंपाकघरात दिवसाउजेडी दिवा लावण्याची पाळी येते. म्हणून प्रकाश येऊ देणारी पण उष्णता परतवणारी लेपयुक्त काच येथे योग्य ठरते. तिचा खर्च सर्व खिडक्यांना झेपत नसेल तर तो पश्चिमेपुरता करावा. बाहेरच्या बाजूने सोडलेला बांबूचा अथवा वाळ्याचा पडदाही मोठे काम करतो, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडते. आतल्या पडद्याला हे साधत नाही. तोपर्यंत उष्णता घरात शिरलेली असते.

दुसरा विचार वाऱ्याचा. दोन झडपांची सरकती खिडकी फार तर निम्मीच उघडते; बिजागरीची पूर्ण उघडते. परंतु बाहेर लोखंडी जाळी असेल किंवा गल्ली अरुंद असेल तर सरकतीच सोयीची. तीन रुळांची घेतल्यास एक रूळ डासांच्या जाळीस मिळतो. संध्याकाळी दिव्याकडे झेपावणारे कीटक त्या जाळीमुळे बाहेरच राहतात, म्हणजे आरोग्याबरोबर यत्नाचारही साधतो. रुळांत मात्र धूळ आणि मुंग्या जमतात. झडप सरकवण्यापूर्वी रूळ मऊ कुंचल्याने झाडण्याची सवय घरात असावी. पाणी निचरण्याची छिद्रेही मोकळी राहिली पाहिजेत, अन्यथा पावसाचे पाणी आत येते.

तिसरा विचार मालाचा. चौकटीच्या पोकळीत जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी हवी. तिच्याविना मोठी झडप कालांतराने वाकते. कोपरे उष्णतेने एकसंध जोडलेले असावेत. भर उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग अधिक तापतो, म्हणून पांढरा रंग अधिक सुरक्षित. हे द्रव्य उष्णतेने प्रसरण पावते: दीड मीटरची चौकट तापमानात ३० अंशांची वाढ झाल्यास सुमारे ३ मिलिमीटर वाढते. भिंत व चौकट यांत तेवढी फट ठेवून ती लवचीक द्रव्याने भरणारा कारागीरच निवडावा. उत्तम खिडकीही कच्च्या बसवणुकीने वाया जाते.

केवळ चौरस फुटाच्या दरावर दोन दरपत्रकांची तुलना करणे फसवे असते. पोलादी पट्टीची जाडी, काचेचा प्रकार व जाडी, बिजागऱ्या, कुलपे, जाळी आणि हमीची मुदत या सर्व गोष्टी दरपत्रकात लेखी मागाव्यात. एवढे समोर आले की स्वस्त आणि महाग यांचा खरा अर्थ उमगतो.

अखेरीस, जुने सागवान घाईने मोडीत काढू नये. चौकट भक्कम असेल तर झडपांची दुरुस्ती, नवी काच आणि जाळी एवढ्यानेही काम भागते. घरातील ज्येष्ठांना दुपारी कोणती खोली असह्य होते, हे आधी त्यांनाच विचारावे आणि पहिली खिडकी तेथे बदलावी. एक उन्हाळा त्या खिडकीचा अनुभव घेऊन मग उरलेल्या घराचा निर्णय केल्यास पैसाही वाचतो आणि पश्चात्तापही टळतो.