‘पर्निशियस’ : नाव भयंकर, आजार आटोक्यातला

घरातील ज्येष्ठांच्या तपासणी-अहवालात ‘पर्निशियस ॲनिमिया’ हे शब्द दिसले, की आपण कोश उघडता. तेथे ‘घातक’, ‘विनाशकारी’, ‘अपायकारक’ असे अर्थ आढळतात आणि मन धास्तावते. वास्तविक इंग्रजीत या विशेषणाला संथपणाची छटा आहे. ‘व्हिरुलंट’ म्हणजे जहाल, झपाट्याने बळावणारे. ‘इन्फेक्शियस’ म्हणजे संसर्गजन्य. ‘पर्निशियस’ मात्र नकळत पोखरत जाणारे. हा रक्तक्षय एकाचा दुसऱ्याला होत नाही, तेव्हा रुग्णाचे ताट-भांडे वेगळे ठेवण्याचे काहीच कारण नाही.

जठरातून ब-१२ जीवनसत्त्व शोषण्यास लागणारा घटक स्रवेनासा झाला, की हा विकार होतो. १९२६ साली मायनॉट आणि मर्फी यांनी यकृताच्या आहाराने रुग्ण सुधारतात हे दाखवीपर्यंत तो बहुधा प्राणघातकच ठरे. नाव त्या काळचे आहे. यकृतातील गुणकारी ब-१२ पुढे १९४८ मध्ये वेगळे करण्यात आले आणि आज त्याच्या इंजेक्शनांनी आजार आटोक्यात राहतो.

पोखरण्याची खोड मात्र गेलेली नाही. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विस्मरण यांकडे ‘वयच झाले’ म्हणून दुर्लक्ष करू नये; उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. स्वतःच्या मनाने केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही सुरू करू नयेत. त्यांनी रक्त सुधारल्यासारखे दिसते, आतली हानी चालूच राहते. इंजेक्शने बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना विचारल्याविना ती थांबवू नयेत.