राक्षस बोलकाच होता



गिल्येर्मो देल तोरोच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला (२०२५) बोलका, रडका राक्षस म्हणजे मूळ कथेचा अपमान, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. मुका राक्षस जेम्स व्हेलच्या १९३१च्या चित्रपटातला. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीतला राक्षस भिंतीआडून भाषा शिकतो, चक्क मिल्टन वाचतो आणि आपल्या निर्मात्याला, व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनला, जाब विचारतो. आक्षेप घ्यायचाच तर वेगळा आहे. कादंबरीत व्हिक्टरच्या वधूचा, एलिझाबेथचा, जीव राक्षस घेतो; देल तोरोच्या चित्रपटात एलिझाबेथ व्हिक्टरच्याच गोळीने मरते. राक्षसाचे पाप असे परस्पर धुऊन टाकलेले मला खटकले. बाकी मुळाबरहुकूम असण्याचा हट्ट कशाला? नारायण धारपांनी 'लुचाई' या भयकादंबरीत स्टीफन किंगला मराठी मातीत आणलेच की, आणि आपण ती रात्री दिवा न विझवता वाचली!

– एक वाचक, सोलापूर