विश्लेषण : मनगटावर कम्प्युटर, मग कागदी तक्ते कशाला? खोल डाइव्हचे गणित पाण्यात उतरण्यापूर्वीच का मांडतात?

२०२२ मध्ये ॲपलचे ‘वॉच अल्ट्रा’ आले आणि ४० मीटरपर्यंतच्या हौशी स्कूबा डायव्हिंगचा कम्प्युटर थेट घड्याळात आला. ‘पॅडी’सारख्या संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमातही छापील तक्त्यांऐवजी कम्प्युटर शिकता येतो. तरीही डीकॉम्प्रेशन डाइव्ह करणारे अनुभवी डायव्हर प्लास्टिकच्या पाटीवर वेळा लिहूनच पाण्यात उतरतात. ही निव्वळ जुनी सवय आहे का?

डीकॉम्प्रेशन डाइव्ह म्हणजे काय?

पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन शरीरात विरघळतो. डायव्हर झटकन वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे शरीरात तयार होतात. परिणाम सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत काहीही असू शकतो, क्वचित मृत्यूही. ठरावीक मुदतीत वर निघाले तर थेट पृष्ठभागावर येता येते. मुदत ओलांडली की थांबे घेतच यावे लागते, डोक्यावर छत असल्यासारखे. मालवण-तारकर्लीत पर्यटकांना घडवली जाणारी उथळ सफर या प्रकारात मोडत नाही.

तक्ता आणि कम्प्युटरमध्ये फरक काय?

स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ मध्ये पहिले शास्त्रीय तक्ते प्रसिद्ध झाले. तक्ता सगळा वेळ सर्वाधिक खोलीवरच गेला असे धरतो. ३० मीटरवर १० मिनिटे आणि १८ मीटरवर १५ मिनिटे घालवली, तरी हिशेब ३० मीटरवर २५ मिनिटांचाच. कम्प्युटर काही सेकंदांच्या अंतराने खोली मोजतो आणि तेवढाच नायट्रोजन जमा धरतो. त्यामुळे पाण्यात जास्त वेळ मिळतो. पण तक्त्यात आपोआप मिळणारी सवलतही त्याबरोबर जाते.

खरी अडचण कुठे?

हवेच्या हिशेबात. मिनिटाला २० लिटर हवा वापरणाऱ्या डायव्हरला ३० मीटरवर, चौपट दाबाखाली, ८० लिटर लागते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने साधारण २४०० लिटर हवा मावते, म्हणजे जेमतेम ३० मिनिटांची. अमेरिकी नौदलाच्या तक्त्यात याच खोलीची विनाथांबा मुदत २५ मिनिटे आहे. ती ओलांडल्यावर कम्प्युटर थांब्यांची वेळ अचूक दाखवेल. पण तेवढी हवा आहे का, जोडीदाराची हवा संपली तर दोघांना पुरेल का, हे आधी ठरवलेले असावे लागते. ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजन घ्यायचे ठरवून कम्प्युटरमध्ये तशी नोंद केली आणि तो सिलिंडर हाताशीच नसला, तर पडद्यावरची वेळ चुकीची ठरते. अशा प्रत्येक शक्यतेचा तक्ता आधी बनवावा लागतो. हल्ली तो संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधून निघतो, इतकेच.

कम्प्युटरचे आकडे वेगवेगळे का?

अनेक कम्प्युटर झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांच्या सूत्रावर चालतात. त्यात शरीराचे १६ काल्पनिक कप्पे आहेत. काहींत नायट्रोजन मिनिटांत भरतो, काहींना तास लागतात. सुरक्षिततेचे गुणांक मात्र कंपनी किंवा डायव्हर ठरवतो. शिवाय सूत्रेही चुकतात. खोलवर जास्त थांबणे सुरक्षित, असा समज एकेकाळी पक्का होता. अमेरिकी नौदलाच्या २०११ च्या चाचणीत दोन्ही पद्धतींच्या प्रत्येकी सुमारे २०० डाइव्ह झाल्या. उथळ थांब्यांच्या गटात तिघांना त्रास झाला; खोल थांब्यांच्या गटात त्याच्या तिपटीहून अधिक जणांना. थकवा, थंडी, शरीरातील पाण्याची कमतरता हे ना तक्त्याला कळते, ना कम्प्युटरला.

मग डायव्हर काय करतात?

समुद्रातील तेलविहिरींवरच्या व्यावसायिक कामात पर्यवेक्षक जहाजावरून खोली आणि वेळ पाहतो, आणि तक्तेच वापरतो. हौशी डीकॉम्प्रेशन डाइव्हमध्ये दोन कम्प्युटर आणि पाटीवर लिहिलेली योजना सोबत असते. कम्प्युटर उसना घेणे मात्र धोक्याचे: त्याच्या स्मृतीत आधीच्या डायव्हरचा नायट्रोजन असतो. आणि थांबा चुकला, तर अनेक कम्प्युटर त्यानंतर २४ ते ४८ तास हिशेब करायचेच बंद होतात.