व्हायोलिन कोणाचे?

‘गीतरामायणा’वर लिहिताना आमची समीक्षा गदिमा आणि बाबूजी या दोन नावांपाशीच थांबते. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने छप्पन्न गीते प्रसारित केली. गायकांची नावेही सांगितली जातात. वादक मात्र ‘साथसंगत’ या एका शब्दात गडप!

प्रभाकर जोग आमच्या देवळाली प्रवरेशेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातील, हरेगावचे. त्यांचे नाव उरले, कारण ते पुढे संगीतकार झाले, त्यांनी आत्मचरित्र लिहिले. मग उलटाच प्रमाद सुरू झाला. जुन्या भावगीतात व्हायोलिन ऐकू आले, की ‘जोगच!’ ही रसिकता नव्हे, आळस आहे.

तबकडीवर गीतकार, संगीतकार, गायक छापले जात. तबलजीला, बासरीवाल्याला तिथे सहसा जागा नसे. त्यामुळे आकाशवाणीच्या मूळ ध्वनिमुद्रणात कोण होते आणि पुढे बाबूजींच्या एकट्याच्या स्वरातील तबकड्यांत कोण, याची सरमिसळ होते. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, हे आम्ही वर्गात अभिमानाने शिकवतो. सत्तर वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणाबाबत मात्र ‘वादक कोण, याने काय बिघडते?’ असे विचारतो. बिघडते! मधल्या सुरावटी ऐकूनच तर आम्ही गाणे ओळखतो. संपादकहो, निदान ‘वादक अज्ञात’ एवढे तरी छापा.