कच्चा लिंबू

गेल्या वर्षी वसुबारसेला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत मुलांनी किल्ला उभा केला. शेजारच्या बांधकामावरून आणलेला मुरूम, पोत्यांवर लिंपलेला चिखल, उतारावर पेरलेले अळीव, वर महाराजांचे सिंहासन आणि तटावर मावळे. मावळे आणायला घरटी पन्नास रुपये वर्गणी काढली होती. संध्याकाळी अळिवाला पाणी घालायला बादली घेऊन आलेला एक मुलगा घसरला आणि तटावरचे सहा मावळे एका दणक्यात फुटले. त्याच रात्री दुसऱ्या एकाने सगळ्यांचा डोळा चुकवून तोफेजवळचा एक मावळा खिशात घातला. खिशातच त्या मावळ्याची मान तुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यासमोर पंचायत बसली. चूक कोणाची मोठी? पाच-सहा वर्षांची मंडळी एका सुरात म्हणाली, सहा फोडले त्याची. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ते पटेना. “तो काय मुद्दाम पडला का? ह्याने तर चोरला.” वाद तिथेच मिटला असता. पण एक नऊ वर्षांची मुलगी मावळा उचलणाऱ्याकडे वळली आणि म्हणाली, “तुला आपण किल्ला करायला घेतलंच नव्हतं ना?” तो वॉचमनचा मुलगा होता. त्याच्याकडून वर्गणी आली नव्हती, म्हणून त्याला कोणी चिखलात हात घालू दिला नव्हता. तिच्या प्रश्नानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

हा अंक “लहानाचे मोठे होताना” या विषयावर काढायचा, हे मी त्या सकाळी ठरवले.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने जवळजवळ असाच खटला मुलांपुढे ठेवला होता. त्याचे पुस्तक १९३२ सालचे. एका मुलाकडून दार ढकलताना नकळत पंधरा कप फुटतात. दुसरा कपाटातला मुरंबा चोरून खायला चढतो आणि त्याच्या हातून एकच फुटतो. लहान मुले कप मोजतात, मोठी मुले मनात काय होते ते बघतात. गोट्या खेळणाऱ्या मुलांनाही त्याने नियमांबद्दल विचारले. लहानांना वाटे, नियम थोरामोठ्यांनी घालून दिले आहेत, त्यांना हात लावायचा नसतो. दहा-अकराच्या पुढची मुले सांगत, सगळे कबूल असतील तर नियम बदलता येतो. माणूस नीतीत मोठा होऊ लागतो तो इथे. नियम आपल्या सगळ्यांचा आहे आणि तो आपल्यालाच सांभाळायचा आहे, हे त्याला उमगते.

आपल्या अंगणातल्या मुलांनी तर याच्याही पुढची गोष्ट शोधून ठेवली आहे. लपाछपी असो, साखळी असो की डबा ऐसपैस, धाकटे भावंड मागे लागले की ते “कच्चा लिंबू” होते. ते खेळते, पळते, ओरडते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला खेळाबाहेर काढायचे नाही आणि त्याच्या कुवतीबाहेरचे ओझेही त्याच्यावर टाकायचे नाही, एवढा बारीक न्याय आठ वर्षांची पोरे कोणत्याही पुस्तकाशिवाय करतात. कच्चा लिंबूही फार दिवस कच्चा राहू इच्छित नाही. एक दिवस तो स्वतःच पाय आपटून सांगतो, माझ्यावरही राज्य आलं पाहिजे. हा हट्ट माझ्या मते बालपणातला सर्वांत मोलाचा हट्ट आहे.

कायद्यालाही कच्चा लिंबू मान्य आहे. सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून काहीही घडले तरी तो गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात, आपण काय करतो आहोत याची समज त्याला आली होती का, हे पाहायचे असते. १८६० च्या दंड संहितेत यासाठी ८२ आणि ८३ ही कलमे होती, नव्या न्याय संहितेत ती २० आणि २१ झाली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अठरापर्यंत मूल मानले. मात्र सोळा ते अठरा वयातल्या कोणावर अतिशय गंभीर गुन्ह्याचा आरोप आला, तर परिणाम समजण्याची त्याची कुवत बाल न्याय मंडळाने आधी तपासायची, अशीही तरतूद केली. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये एका पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याला जामीन देताना घातलेली ३०० शब्दांच्या निबंधाची अट वाचून महाराष्ट्र संतापला, आणि तो संताप रास्त होता. माझे मन मात्र पुढच्या बातमीत अडकले. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून त्याचे आई-वडील आणि ससून रुग्णालयातले डॉक्टर अटकेत गेले. त्या आरोपाचा निवाडा न्यायालय करील. पण ती बातमी वाचल्यापासून मला मुलांपेक्षा मोठ्यांची काळजी जास्त वाटते.

मोठ्यांचा विचार कसा वाढतो, यावर आयुष्य घालवले ते लॉरेन्स कोहलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. १९५८ साली शिकागोत प्रबंध लिहिताना त्याने दहा ते सोळा वर्षांच्या मुलांना एक गोष्ट सांगितली. हाइन्झ नावाच्या माणसाची बायको मरणपंथाला लागली आहे. तिला वाचवणारे औषध गावातल्या एका औषधविक्रेत्याकडे आहे, पण तो खर्चाच्या दहापट किंमत मागतो. हाइन्झने ते चोरावे का? उत्तर हो आहे की नाही, याच्याशी कोहलबर्गला कर्तव्य नव्हते. त्याला कारण ऐकायचे होते. “पकडला जाईल” ही पहिली पातळी. “लोक काय म्हणतील, कायदा काय सांगतो” ही मधली. आणि कायदा ज्या माणसांसाठी केला त्यांच्या जिवाची किंमत काय, असे विचारणारी तिसरी. बहुतेक प्रौढ माणसे मधल्या पातळीवरच थांबतात, असे त्याला आढळले. मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगनने १९८२ साली त्याच्यावर आक्षेप घेतला तो असा की, त्याने मोजपट्टी मुलग्यांवरून बनवली आणि नात्यातून, काळजीतून येणारा विचार त्या पट्टीत धरलाच नाही. आमच्या किल्ल्यासमोरची ती नऊ वर्षांची मुलगी त्या पट्टीवर कुठे बसली असती, कोण जाणे. मला विचाराल तर त्या सकाळी सगळ्यांत पुढे ती होती.

हाइन्झची गोष्ट वाचताना पिंपरीच्या माणसाला आपली एच. ए. आठवायला हवी. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स इथे उभी राहिली आणि पेनिसिलीन सरकारी कारखान्यात बनू लागले. औषध चोरावे की नाही, या प्रश्नाच्या मागे जाऊन ते इतके महाग आणि परके का असावे, असे कोणीतरी विचारले, म्हणून तो कारखाना झाला. एच. ए. कॉलनीवरून रोज जाणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. या पट्ट्यात आधी शेते होती, १९६२ साली एम. आय. डी. सी. स्थापन झाली, वाहनांचे कारखाने आले, पुढे चाकणपर्यंत शेड पसरल्या. या सगळ्याच्या पायाशी एका नैतिक प्रश्नाचे उत्तरही आहे.

मराठी घरात नीतीचे पहिले पुस्तक “श्यामची आई”. मुलाने आईचे ऐकावे, एवढ्यासाठीच आपण ते मुलांच्या हाती देतो. पण ते लिहिले गेले कुठे? १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात. तेहेतीस वर्षांचे साने गुरुजी सरकारचा हुकूम मोडून आत गेले होते आणि तिथे बसून आईच्या शिकवणीबद्दल लिहीत होते. त्यात एका अस्पृश्य म्हातारीच्या मोळीचा प्रसंग आहे. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर चढवून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या काळच्या कोकणातल्या त्या बाईची करुणा विटाळाच्या रूढीला ढकलून मोळीपर्यंत पोहोचली, आंघोळ मात्र राहिली. पुढचे पाऊल मुलाने टाकले. मे १९४७ मध्ये विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि मंदिर खुले झाले. आईने दिलेली मोळी त्यांनी उचलली आणि आंघोळ सोडून दिली. आज्ञाधारक मुलापासून प्रौढ माणसापर्यंतचा प्रवास याहून स्पष्ट मला मराठीत कुठे दिसलेला नाही.

आता आपल्या शेडमध्ये येऊ.

मराठवाड्यातून चाकणला आलेला एक एकोणीस वर्षांचा पोरगा या अंकाच्या निमित्ताने माझ्याशी दोन संध्याकाळी बोलला. ठेकेदाराकडून लागलेला, पॉवर प्रेसवर हेल्पर. प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा डाय खाली येतो. म्हणजे प्रेस खाली येताना हात आत असूच शकत नाहीत. पण एका बटणावर लाकडाची चिपळी ठेवून वरून चिकटपट्टी गुंडाळली की एक हात मोकळा होतो. त्या हाताने जॉब पटपट सरकवता येतो आणि तासाचा आकडा वाढतो. “पट्टी कोणी लावली?” मी विचारले. “मी आलो तेव्हा होतीच. डिस्पॅच अडकला होता. सगळेच तसं चालवायचे.”

पहिले काही दिवस तो गप्प राहिला, कारण सुपरवायझर ओरडला असता. मग गप्प राहिला कारण खोलीवरची पोरे भित्रा म्हणाली असती. एका रात्री शिफ्ट सुटताना तो परत मशिनपाशी गेला आणि नखाने ती पट्टी सोडवू लागला. घामाने आणि तेलाने ती काळी पडली होती, सहज निघेना. का काढलीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “दुसऱ्या शिफ्टला नवीन पोरगा येणार होता. त्याला बटण बांधलंय हे माहीत नसणार.” कोहलबर्गचे नावही त्याने ऐकलेले नाही. एका महिन्यात तो तिन्ही पातळ्या चढून आला, आणि वरच्या पातळीवर त्याला भेटला तो एक न पाहिलेला माणूस. दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा लागलेली होती.

माझे म्हणणे याच पट्टीबद्दल आहे. आपण मुलांना घरी, शाळेत, अंगणात पायरी पायरीने वर आणतो. अठरा-एकोणिसाव्या वर्षी ती गेटातून आत जातात आणि तिथे त्यांना पहिल्या पायरीवर परत बसवले जाते. “वरून आलंय”, “साहेबांनी सांगितलंय”, “आपल्याला काय करायचंय”, “आपण छोटी माणसं”. ही वाक्ये फक्त हेल्परची नाहीत. मी ती इंजिनिअरांकडून, अधिकाऱ्यांकडून, लघुउद्योजकांकडून ऐकली आहेत. लघुउद्योजक वरच्या कंपनीकडे बोट दाखवतो, वरची कंपनी बाजाराकडे. खेळ सगळे खेळतात आणि राज्य कोणावरच येत नाही. आणि कंत्राटी पोरगा? त्याच्याकडून पूर्ण डाव खेळून घेतला जातो, पण बोट गेले की तो कोणाच्या रजिस्टरात सापडत नाही. कच्चा लिंबू हा धाकट्याला जपण्यासाठी केलेला नियम होता. त्याचा असा उपयोग होताना पाहून जीव तुटतो.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, फुलबाजीसारख्या तडतडणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका अनधिकृत कारखान्यात आग लागली. सहा बायका तिथेच गेल्या, पुढच्या दिवसांत आकडा वाढत गेला. जागा देणारे, माल घेणारे, रोज समोरून जाणारे, यांपैकी कोणीच दुष्ट नसेल. प्रत्येकाने फक्त आपल्यापुरते पाहिले असेल. त्या मेणबत्त्या आपल्याच मुलांच्या केकवर लागत होत्या.

यावर उपाय सुविचारांच्या पाट्या लावण्याचा नाही. कोहलबर्गलाही उत्तरायुष्यात कळून चुकले होते की गोष्टी सांगून माणूस फार वर चढत नाही. १९७४ साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या एका शाळेत त्याने नियम ठरवण्याच्या सभेत विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला सारखेच एक मत दिले. नियम करण्यात हात असला की नियमाची जबाबदारी अंगाला लागते. आपल्याकडच्या मोटारींच्या लाइनवरही याची एक खूण आहे. काही ठिकाणी कामगाराच्या डोक्यावर अँडनची दोरी असते. दोष दिसला की त्याने ती ओढायची, लाइन थांबते. हा अधिकार गाडीच्या गुणवत्तेसाठी दिला गेला. माणसाच्या बोटासाठी, नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठी, बंद दारामागे काम करणाऱ्या बायकांसाठीही तो हवा. प्रत्येक शेडमध्ये हवा, वीस माणसांच्या शेडमध्ये सर्वांत आधी. आणि दोरी ओढणाऱ्याची हजेरी कापली जाता कामा नये.

या अंकात तुम्हाला शिक्षक, वर्कशॉपमधले लोक, आया आणि आजोबा भेटतील. मुलांनी लिहिलेली पानेही आहेत, ती आम्ही मागे न टाकता पहिल्या भागात छापली आहेत. वाचकांना एक विनंती आहे. दिवाळीत घरातले मूल “असं का?” म्हणून विचारील तेव्हा “मोठा झालास की कळेल” म्हणू नका, तुमचे खरे कारण सांगा. सांगताना अडखळलात तर अडखळू द्या. आणि सुट्टीनंतर पहिल्या शिफ्टला जाल तेव्हा आपल्या मशिनकडे, आपल्या टेबलावरच्या सह्यांकडे एकदा नीट बघा. काही बांधून ठेवलेले असेल, तर ते सोडा.

आमच्या सोसायटीतल्या मुलांनी यंदा किल्ल्याची वर्गणी बंद केली आहे. ज्याला चिखल कालवायचा आहे त्याने यावे, एवढाच नियम त्यांनी ठेवला आहे.