निवृत्तीच्या पैशातला देवाचा वाटा



उपवासकाळात आम्ही प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तिन्हींवर बोलतो. दानधर्मावर बोललो की प्रश्न हमखास येतात. यंदा एक प्रश्न थेट अमेरिकेहून आला. आमच्या पॅरिशमधून तिकडे गेलेल्या आणि आयुष्यभर नर्स म्हणून राबलेल्या एका मावशींनी विचारलं, "माझ्या निवृत्तीच्या खात्यातून चर्चला परस्पर पैसे दिले तर त्यावर टॅक्स लागत नाही म्हणे. पण टॅक्स वाचवून दिलेलं दान देवाला पोचतं का?"

प्रश्न साधा वाटला तरी तो पुष्कळांच्या मनात असतो. ज्यांची मुलं-भावंडं परदेशी आहेत त्यांच्या, आणि इथे बेळगावात पेन्शनवर जगणाऱ्यांच्याही. म्हणून आमचं मत इथे सविस्तर मांडतो.

आधी तिकडचा कायदा समजून घेऊ. निवृत्तीसाठी पैसे साठवण्याच्या खात्याचा अमेरिकेतला एक मोठा प्रकार म्हणजे आयआरए. नेहमीच्या आयआरएमध्ये पैसे भरताना बहुधा करात सूट मिळते, आणि कर लागतो तो म्हातारपणी पैसे काढताना. काढायचेच नाहीत म्हटलं तर तेही चालत नाही. सध्याच्या नियमाप्रमाणे वयाच्या ७३व्या वर्षापासून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. २००६ साली तिथल्या काँग्रेसने एक वाट मोकळी केली आणि २०१५ साली ती कायमची केली. वयाची साडेसत्तर वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने या खात्यातून पैसे थेट धर्मादाय संस्थेला पाठवले, तर ते त्याच्या उत्पन्नात धरले जात नाहीत. शिवाय सक्तीने काढायच्या रकमेत ते मोजले जातात. २०२५ सालासाठी याची मर्यादा माणशी १,०८,००० डॉलर होती.

आकड्यांत सांगायचं तर असं. एखाद्याला २२ टक्के कर लागतो आणि त्याने १०,००० डॉलर काढले, तर २,२०० डॉलर करात जाऊन हाती ७,८०० उरतात. तेच पैसे खात्यातून परस्पर गेले तर पूर्ण १०,००० संस्थेला मिळतात. आधी स्वतः काढून मग दान केलं तर करात वजावट मागता येते, पण बहुतेक वृद्ध लोक सरसकट मिळणारी वजावट घेतात, त्यामुळे त्यांना या दानाचा तसा पूर्ण लाभ होत नाही.

आता प्रश्नाचा गाभा. हे दान देवाला पोचतं का? आमचं उत्तर आहे, पोचतं. वाचलेले २,२०० डॉलर मावशींच्या पर्समध्ये गेलेले नाहीत. ते ज्याला द्यायचे त्याच्याच हाती पडले आहेत. कैसराचे कैसराला द्या असं प्रभूने शिकवलं हे खरं, पण इथे कैसरानेच उघडपणे सांगितलं आहे की हा वाटा मी घेत नाही, तो गरजवंताला द्या. कायद्याने दिलेली सवलत उघडपणे घेण्यात पाप नाही.

पाप दुसरीकडे आहे, आणि ते आपल्या फार जवळ आहे. पाच हजार देऊन पन्नास हजारांची पावती मागणारे आपल्याकडे भेटतात. ती पावती सातव्या आणि आठव्या अशा दोन्ही आज्ञा एकाच कागदावर मोडते. अशी पावती मागणाऱ्याचं दान स्वीकारूच नये, मग चर्चचं छप्पर आणखी एक पावसाळा गळलं तरी चालेल.

या अमेरिकन सवलतीच्या अटी आम्हाला सवलतीपेक्षाही मोलाच्या वाटतात. पहिली अट, पैसे देणाऱ्याच्या हातातून जाता कामा नयेत; खात्यातून थेट जावेत किंवा चेक संस्थेच्याच नावाने असावा. दुसरी अट, बदल्यात काहीही घ्यायचं नाही. दानाच्या मोबदल्यात मेजवानीचं तिकीट घेतलं तरी सवलत गेली. करखात्याने हे नियम हिशेबासाठी केले, शुभवर्तमानासाठी नाही. तरी ते वाचताना आम्हाला उजवा हात आणि डावा हात यांविषयीची प्रभूची शिकवण आठवली. आपल्याकडे बाकावर नाव, पंख्यावर नाव, कपाटावर नाव. मोबदला पैशातच घेतला जातो असं नाही. मानातही घेतला जातो.

एवढं सांगून आम्ही मावशींना थांबायलाही सांगितलं. दान देण्याआधी स्वतःच्या औषधपाण्याचा आणि ज्यांचा भार आपल्यावर आहे त्यांचा विचार करा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परूश्यांना कशासाठी फटकारतो? आईबापांच्या पोषणाचा पैसा देवाला अर्पण केला असं म्हणून ते हात झटकत होते. देवाच्या नावाने घरच्यांना उपाशी ठेवणं देवाला मान्य नाही. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आपण वेदीवरून पुष्कळदा ऐकतो. पण त्याआधीच्याच ओळींत विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर प्रभूने कोरडे ओढले आहेत, हे दान मागणाऱ्यांनी विसरू नये.

ही भीती आपल्या देशातल्या कायद्यालाही होती. १९२५च्या भारतीय वारसा कायद्याच्या ११८व्या कलमानुसार, जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादाय कामासाठी मृत्युपत्राने मिळकत द्यायची तर ते मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी केलेलं असावं लागे. मरणशय्येवर कुणी दबाव आणू नये हा त्यामागचा हेतू. पण ही अट मुख्यतः ख्रिस्ती लोकांनाच जाचत होती. जॉन वल्लमट्टम या केरळच्या धर्मगुरूंनी तिला आव्हान दिलं आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केलं. आज आपल्याला मोकळीक आहे. गोव्यात मात्र निम्मी मिळकत मुलांच्या हक्काची असते, मृत्युपत्राने ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. कायद्याची अट गेली तरी तिच्यामागची काळजी आपण जपली पाहिजे. आजारी माणसाच्या उशाशी बसून चर्चच्या बांधकामाचा विषय काढू नये, इतकं तरी आम्ही स्वयंसेवकांनी पाळावं.

आणि म्हणूनच आम्ही म्हणतो, मरणानंतरच्या दानापेक्षा जिवंतपणी दिलेलं दान बरं. मृत्युपत्राने देणारा स्वतःच्या ताटातला घास देत नाही, वारसांच्या ताटातला देतो. जिवंतपणी देणारा आपल्या पैशाने कुणाचं शिक्षण झालं, कुणाचं डायलिसिस झालं हे डोळ्यांनी पाहतो आणि त्याच्यासाठी प्रार्थना करतो.

मावशींची पुढची इच्छा होती की पैसे आपल्या गावच्या चर्चला मिळावेत. इथे मात्र अडचण आहे. त्या खात्यातून करमुक्त दान अमेरिकेतल्या पात्र संस्थेलाच देता येतं, परदेशातल्या चर्चला थेट देता येत नाही. त्या आता अमेरिकेच्या नागरिक असल्याने त्यांनी स्वतःचे पैसे पाठवले तरी आपल्या कायद्याने ती विदेशी देणगी ठरते. ती घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या नेमलेल्या खात्यातच यावे लागतात. भारतीय नागरिकत्व टिकवून परदेशी राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे मात्र विदेशी देणगी धरत नाहीत. कुणा नातेवाइकाच्या खात्यावर पाठवून पुढे चर्चला द्यायचे, असली पळवाट सुचवणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, अडचणीत पॅरिश येते.

आमचा सल्ला असा: जिथे तीस-चाळीस वर्षं मिस्सा ऐकली, जिथे परक्या देशात पहिल्यांदा कुणीतरी नावाने हाक मारली, त्या तिथल्या पॅरिशला द्या. ख्रिस्तसभा एकच आहे. आणि खातं आयआरए नसून नोकरीच्या ठिकाणचं ४०१-के असेल तर आधी पैसे आयआरएमध्ये वळवावे लागतात, म्हणून तिथल्या जाणत्या कर सल्लागाराला विचारूनच पुढे जा.

आता इथल्यांविषयी. आपल्याकडे निवृत्तीच्या पैशातून केलेल्या दानाला अशी सवलत नाही. ८०जीची सूट नव्या करपद्धतीत मिळत नाही. जुन्या पद्धतीत मिळते, पण एकाच धर्माच्या लोकांसाठी चालणाऱ्या संस्था सहसा तिच्यात बसत नाहीत. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या पेटीतल्या दानाला कराचा आधार नाही. नसू दे. प्रॉव्हिडंट फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हाती आली की लगेच मोठा आकडा बोलू नका. एक वर्ष थांबा, घरच्यांशी बोला, दवाखान्याची तरतूद करा. मग पेन्शन येते त्याच दिवशी ठरावीक थोडी रक्कम सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला किंवा गरजू मुलाच्या फीला परस्पर जाईल अशी सोय बँकेत करून टाका. ती रक्कम शंभर रुपयेही असू शकते. हनन्या आणि सप्पीरा यांच्या कथेत पेत्राने त्यांना कमी दिल्याचा दोष दिला नाही, दोष दिला तो सगळं दिल्याचं सोंग केल्याचा. जमीन त्यांची होती, पैसे त्यांचे होते, ठेवून घेण्याची मोकळीक होती.

तीच मोकळीक आपल्यालाही आहे. जेवढं झेपेल तेवढं द्या, खरं सांगून द्या, आणि दिल्यावर विसरून जा.

हे प्रभो, आमच्या म्हाताऱ्या हातांना मोजून ठेवायची सवय लागली आहे. त्यांना उघडायला शिकव, आणि ज्यांच्या हातात काहीच उरलेलं नाही त्यांच्यापर्यंत आम्हाला घेऊन चल. आमेन.