भाव तिकडे जास्त आहे म्हणे!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि बसलोय तो चिडून. परवा वसमतला एका लग्नात पुण्याहून आलेले एक काका पंगतीत मोबाईल नाचवत म्हणाले, "सांगलीत बघा हळद कुठे चाललीय! आपल्या शेतकऱ्याला विकताच येत नाही. जिथे भाव तिथे माल न्यायचा, एवढं साधं गणित आहे." समोर माझा चुलतभाऊ, आमचा दादा, बसला होता. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघून हसला. का हसला तेच सांगणार आहे. (काका, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. वाचाच.)

मी रात्री संगणकावर 'विमानं उडवतो' हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या खेळाचं नाव ईव्ह ऑनलाइन. आइसलंडमधल्या एका कंपनीने २००३ साली सुरू केला, अजून चालू आहे. हजारो सूर्यमाला, जागोजागी बाजार, आणि भाव ठरवणारे आपल्यासारखेच खेळाडू. लढायचं नसेल तर व्यापार करा. इथे स्वस्त घ्या, तिथे महाग विका. काकांचं गणित अगदी!

सुरुवातीला मीही त्याच गणिताने खेळलो आणि कंगाल झालो. लांबच्या स्टेशनवर दुप्पट भाव दिसायचा. माल भरून वीस-बावीस उड्या मारत पोचावं, तर तो भाव फक्त दहा नगांना असायचा, बाकीचा माल कोणी विचारत नसे. कधी माझ्या आधी दुसराच कोणी पोचून मागणी संपवून गेलेला असायचा. वाटेत लुटारू टपलेले, ते वेगळेच. आणि परत येताना जहाज रिकामं, म्हणजे निम्मा प्रवास फुकट. एक जुनी लबाडीही होती. खिशात पैसे नसताना खरेदीची मोठी ऑर्डर लावून ठेवायची, त्या आशेने लोकांनी महाग माल उचलायचा (विकणारा अर्थात तोच), आणि विकायला गेलं की ऑर्डर गायब. मी दोनदा फसलो. दुसऱ्यांदा का फसलो ते विचारू नका :-)

हळूहळू समजलं की सगळ्यांना दिसणारा फरक कोणीतरी आधीच खाल्लेला असतो. जो उरलेला दिसतो, तो बहुतेक वेळा नेण्याचा खर्च असतो.

एवढं समजलेला मी, २०१९ च्या मे महिन्यात काय केलं? दादाला फोन केला. "दादा, हिंगोलीत नको देऊस. सांगलीला क्विंटलमागे एकवीसशे जास्त आहेत." दादा म्हणाला, "तू म्हणायलास तर नेतो." बावीस क्विंटल माल होता. शेजाऱ्याचा माल सोबत घेऊन दोघांत मिळून टेम्पो केला. सुमारे पाचशे किलोमीटर. दादाच्या वाट्याला भाडं आलं तेरा हजार, कारण टेम्पोवाल्याने येण्याचेही लावले. त्याला तिकडून माल कोण देणार होतं? हमाली अकराशे, दोन दिवसांचं खाणं-राहणं सोळाशे. आणि हातात जादा किती पडले? क्विंटलला साडेतीनशे. म्हणजे ७,७०० मिळवायला १५,७०० घातले. घरबसल्या आठ हजारांचा खड्डा, आणि तो मी खणलेला.

यात कोणी फसवलं नव्हतं. चूक माझीच. पणन मंडळाच्या भावाच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन रकाने असतात. मी बघितला कमालचा. तो त्या दिवशीच्या सगळ्यात उजव्या ढिगाचा भाव. आणि सांगलीच्या ओळीत जात लिहिलेली होती राजापुरी. दादाची हळद सेलम. मी नुसतं 'हळद' वाचलं.

खेळाने मला इथे दगा दिला असं म्हणायला हरकत नाही. तिथे ट्रिटॅनियम म्हणजे ट्रिटॅनियम, कुठल्याही स्टेशनवर तेच. हळदीचं तसं नाही. कांडी वेगळी, गठ्ठा वेगळा, शिजवण नीट झाली का, वाळली किती, पॉलिश कसं, मोडल्यावर आत रंग काय, हे सगळं हातात घेऊन बघतात आणि मग बोली लागते. शिवाय खेळात माझ्या मालावर सोसायटीचं कर्ज नसतं आणि जूनमध्ये बी-बियाणं घ्यायचं नसतं. भाव नाही पटला तर मी संगणक बंद करून झोपतो. दादाने टेम्पो उभा करून झोपावं? पाचशे किलोमीटरवर नेलेला माल परत आणता येत नाही, हे घेणाऱ्यालाही कळतं.

आणि काका, हिंगोलीच्या हळद मार्केट यार्डात बोली लावणारा व्यापारी सांगलीचा, निजामाबादचा भाव बघत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? तो रोज बघतो. त्याच्याकडे ट्रकभर माल असतो, प्रतवारी करायला माणसं असतात, पैसे अडकवून ठेवायची ताकद असते. तो रूट त्याने कधीच शोधलाय. बावीस क्विंटलवाल्याने त्याच्याशी टेम्पोची शर्यत लावायची, आणि हरला की त्याला 'विकता येत नाही' म्हणायचं!

खेळात मी शेवटी पैसे कमावले ते जहाज न हलवता. एकाच स्टेशनवर बसून, भाव पडला की घ्यायचं, चढला की द्यायचं. दादालाही हेच हवंय: थांबता येणं. शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे, हळद तीत बसते. माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजाने. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हळद पंधरा हजारांच्या वर गेली, तेव्हा ज्यांच्याकडे माल शिल्लक होता त्यांना तो भाव इथेच मिळाला, पाचशे किलोमीटर न जाता. गरज असलेल्यांनी एप्रिल-मेमध्येच विकली होती. दादानेही. तेव्हा मुलीच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते. तारणाचं त्याला माहीत नव्हतं, आणि मला माहीत असून मी सांगितलं नव्हतं. सांगलीचा भाव मात्र उत्साहाने सांगितला होता!

तर काका, दादाला यापुढे सांगलीच्या भावाचे स्क्रीनशॉट पाठवू नका. पाठवायचेच असतील तर सर्वसाधारण रकान्याचे पाठवा, जात बघून पाठवा, आणि सोबत टेम्पोचं जाऊन-येऊन भाडं पाठवा. पुढच्या हंगामात गोदामाची कागदपत्रं करायला मी स्वतः गावी जाणार आहे. आठ हजार अजून माझ्याकडे बाकी आहेत. दादा घेत नाही म्हणतो, तो भाग वेगळा.